सुपारीच्या बेटावर चिवडा सादळतो

वाचकांची पत्रं, अनगोळच्या काकूंची उत्तरं

दोन अंकांपूर्वी मी पिनांगमधल्या आमच्या नऊ वर्षांबद्दल लिहिलं आणि संपादकांनी खाली एक ओळ टाकून दिली, ‘काही विचारायचं असल्यास काकूंना लिहा.’ लोकांनी लिहिलं की ओ! टपालाच्या पिशवीतली निम्मी पत्रं ‘तिकडं पगार किती मिळतो’ एवढंच विचारणारी. तो प्रश्न मला आमच्या घरातसुद्धा नऊ वर्षांत सुटला नाही, त्यामुळं ती बाजूला ठेवली आहेत.

ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिनांग हे मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं बेट. मलय भाषेत पिनांग म्हणजे सुपारी. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात टूलरूमला होते. तिकडं बायन लेपास म्हणून कारखान्यांचा पट्टा आहे, १९७२ पासूनचा. तिथं त्यांना २०१० मध्ये काम मिळालं आणि २०१९ मध्ये आम्ही परत अनगोळला आलो. मुलगी जाताना सहा वर्षांची होती.

पत्र पहिलं

*काकू, मी खानापूर तालुक्यातली. लग्न झालं आणि चार महिन्यांपूर्वी पिनांगला आले. चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आहे. ह्यांची बारा तासांची शिफ्ट. दुपारी अंगात त्राण राहत नाही, झोपते ती संध्याकाळीच उठते. परवा कपाट उघडलं तर लग्नातल्या शालूवर बुरशी. तिथंच बसून रडले. इथं ना थंडी ना उन्हाळा, रोज तेच. मंगळवार आहे की रविवार तेही कळेनासं झालंय. आईला फोनवर ‘मजेत आहे’ म्हणून सांगते. माझंच काही चुकतंय का?*
— एक नवी सून

पोरी, आधी शालूचं बघू.

गॅलरीत सावलीला, वारं लागेल असा पसर. तोंडाला रुमाल बांध आणि कोरड्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं झाड. पाणी लावू नको. मग जुन्या धुतलेल्या सुती धोतरात नाहीतर मलमलीत गुंडाळ; प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, ओल आतच कोंडते. आणि कुणी बेळगावला येत असलं की त्याच्याबरोबर आईकडं पाठवून दे. शालूनं परदेशात राहायची गरज नाही. माझ्या पहिल्या वर्षात दोन रेशमी साड्या गेल्या आणि ह्यांचा कातडी पट्टा हिरवा झाला. बुटात अळंबी उगवायची तेवढी राहिली होती. बाकीच्या कपड्यांसाठी तिथल्या दुकानात ओल शोषणारे डबे मिळतात, ते कपाटात ठेव. पंधरा दिवसांत तळाशी पेलाभर पाणी साठतं. ते बघितलं की कळतं आपण कसल्या हवेत राहतोय.

आपल्याकडंही ओल असतेच. खानापूरला जुलैत धुकं चुलीपर्यंत येतं. पण दसऱ्याच्या सुमाराला ऊन पडतं, गाद्या-रजया बाहेर येतात, घर वाळतं. तिथं घर वाळायचा दिवसच उगवत नाही. बारा महिने रात्री २३-२४ आणि दुपारी ३१-३२, वर हवेत पाणी. मिठात तांदूळ टाकून ठेव. चिवडा दुपारी केलास तर संध्याकाळपर्यंत सादळतो, तेव्हा मूठभरच कर. इडलीचं पीठ रात्रीचं भिजवून ठेवायची आपली सवय तिथं चालत नाही. चार-पाच तासांत फुगून ओट्यावरून खाली येतं. माझं आलं होतं. शेजारणीला वाटलं नळ फुटला.

आता झोपेचं. सकाळी सात वाजता खिडकीबाहेर बघ, जेमतेम उजाडत असतं. त्यात सूर्याचा काही दोष नाही. १ जानेवारी १९८२ ला त्यांनी घड्याळं अर्धा तास पुढं केली, त्यांच्याच पूर्वेकडच्या सबा-सारावाक राज्यांशी वेळ जुळावी म्हणून. त्यामुळं पिनांगला दिवस उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. तू खानापूरच्या सवयीनं उजाडल्यावर उठत असशील, तर नऊ वाजेपर्यंत घरातलंच आवरत बसत असशील आणि दहाला बाहेर बघितलं तर ऊन भाजायला लागलेलं. झालं, गेला दिवस.

आणि ऋतूचं म्हणालीस ते खरंच आहे. बेळगावला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांच्यात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. तिथं फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा. आपल्याला महिना कळतो तो अंगावरून. पहाटे चादर ओढावीशी वाटली म्हणजे दिवाळी आली, ओठ फुटले म्हणजे संक्रांत. तिथं अंग काहीच सांगत नाही. मला पहिल्या वर्षी नोव्हेंबरात कुणीतरी ‘हॅपी दिवाली’ म्हटलं तेव्हा मी ‘कधी?’ असं विचारलं होतं.

मी स्वतः आठ महिने घरात बसले. मुलीला शाळेच्या बसमध्ये चढवायचं आणि वर येऊन पंख्याखाली पडायचं. मग एकदा आमटीला ओलं खोबरं हवं होतं म्हणून सातलाच खाली मंडईत गेले. मंडईला ते ‘पासार’ म्हणतात, आपल्या बाजाराचाच भाऊबंद तो शब्द. टोकाला एक डोक्याला रुमाल बांधलेली मलय बाई मशीनवर नारळ खवून देत होती. घर्रर्र करून अर्ध्या मिनिटात दोन वाट्या खोबरं पिशवीत. मी विळीवर आयुष्य घालवलेलं माणूस, बघतच राहिले. तिनं पिशवी हातात दिली आणि विचारलं, ‘सुदाह माकान?’ मला वाटलं अजून पैसे मागते. मी पाच रिंगिटची नोट पुढं केली. तिनं ती माझ्या मुठीत परत कोंबली आणि पाचही बोटं तोंडाकडं नेऊन दाखवली. जेवलीस का?

अगं, चव्हाट गल्लीतल्या म्हाताऱ्या दारात बसून हेच विचारतात! ‘जेवलासा काय ओ?’ मी खोबऱ्याची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये रडले. पण ते रडणं वेगळं होतं.

तिला मी ‘माकचिक’ म्हणायला लागले, म्हणजे आपली मावशी-काकू. तेवढ्या एका बाईमुळं रोज सातला खाली उतरायचं कारण मिळालं. तू पण असंच कर. सातला उतर, नवाच्या आत वर ये. बारा ते चार बाहेर पडू नको. दुपारी अर्ध्या तासाचा गजर लावूनच आडवी हो. पाऊस आला तर थांब; आपल्या श्रावणासारखा आठ-आठ दिवस लागून राहत नाही, तासभर ढगफुटीसारखा कोसळतो आणि आवरतो. वाराचं म्हणशील तर तिथं रात्रीचा बाजार भरतो, ‘पासार मालाम’. तो रोज वेगळ्या वस्तीत असतो, आपल्या आठवडी बाजारासारखा. तुझ्या घराजवळ कुठल्या वारी भरतो ते विचारून घे. आठवड्याला एक खुंटी मिळाली की बाकीचे सहा दिवस आपोआप टांगले जातात.

आणखी एक. आपण सीमाभागातली माणसं. घरी मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, बागवानाशी उर्दू, लोंढ्याकडच्या पाहुण्याशी कोकणी. हे कुणी आपल्याला क्लास लावून शिकवलं नाही. तिथं सरकारी कागद मलय, मंडईत चिनी लोकांची होक्कियन, देवळात तमिळ आणि सगळ्यांची मिळून मोडकी इंग्लिश. माझ्या ओळखीच्या पुण्याच्या एक बाई ह्या गोंधळाला घाबरून पाच वर्षं घराबाहेर पडल्या नाहीत. त्याच बाई मी ‘चला, जातो मी’ म्हटलं की हसायच्या, बाईमाणूस असून ‘जातो’ काय म्हणता म्हणून. हसू देत. मंडईत जायला लागल्यापासून चार महिन्यांत मला घासाघीस करता यायला लागली, त्यांना शेवटपर्यंत नाही.

आईला मात्र खरं सांग. शालूपासून सुरुवात कर, म्हणजे तिला काळजीबरोबर एक कामही मिळेल. आणि हे सगळं करूनही रडू थांबत नसेल, भूक-झोप उडाली असेल, तर डॉक्टरकडं जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवऱ्यालाही बरोबर ने.

पत्र दुसरं

*मुलगा पुढच्या महिन्यात पिनांगला चालला. बॅगेत काय काय घालू? त्याला लहानपणापासून दम्याचा थोडा त्रास आहे. अनारसे, मेतकूट, लोणचं, कुंदा आणि तुळशीचं एक रोप द्यायचा विचार आहे.*
— एक आई, निपाणी

वहिनी, तुळस काढा आधी. रोपं, बिया, माती परवानगीशिवाय नेता येत नाही. तिथल्या तमिळ लोकांच्या दारात तुळस असतेच. जॉर्जटाऊनच्या लिटिल इंडियात लेबू पासार नावाचा रस्ता आहे, तिथं हार-फुलांच्या दुकानात विचारलं की मिळेल. कढीपत्ता, नारळ, हिंग, तूरडाळ, पोहे, सगळं तिथं आहे. लोक इथून पाच-पाच किलो तूरडाळ वाहून नेतात त्याचं मला हसू येतं.

अनारसे द्या, पण खसखस न लावता. विमान सिंगापूरवरून बदलत असेल तर विशेष सांगते, तिथं खसखशीवर कडक निर्बंध आहेत, अफूच्या बोंडातली म्हणून. साध्या साखरेवर थापा, कुणाला कळणार नाही. कुंदा पडला दुधाचा, त्या हवेत टिकत नाही, तो विमानतळावरच खाऊ दे. त्यापेक्षा गोकाकचं डिंक-सुकामेव्याचं करदंट द्या, महिनाभर हलत नाही. मेतकूट उत्तम. लोणच्याला तेल वर येईल एवढं घाला आणि बरणी नको. आमच्या एका पाहुण्यांची बरणी बॅगेत फुटली होती. त्यांच्या इंटरव्ह्यूच्या शर्टाला मरेपर्यंत मोहरीचा वास आला.

इनहेलर मात्र हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांची इंग्लिशमधली चिठ्ठी त्याच्याबरोबर. एरवी त्या हवेत दम्याचा त्रास होईलच असं नाही, पण समुद्रापलीकडं सुमात्रा बेट आहे. कोरड्या दिवसांत तिथली जंगलं आणि दलदलीची जमीन पेटते आणि धूर इकडं येतो. २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तर समोरचा पूल दिसेनासा झाला होता. साडेतेरा किलोमीटर लांबीचा पूल, आणि गायब! मुलीच्या शाळेला सुट्टी. घरात ओल्या चादरी दारांना लावून बसलो. तेव्हा धूळ-धूर अडवणारे चांगले मास्क चार-पाच द्या. आणि डेंग्यूचं सांगा त्याला, कुंडीखालच्या बशीत पाणी साठू द्यायचं नाही.

आता जरा कडक बोलते. ‘माझ्या भावाला एवढं पाकीट नेऊन द्या’ असं कुणी म्हटलं, कितीही ओळखीचं असो, तर घ्यायचं नाही. भांगेची गोळीसुद्धा नाही, तंबाखूच्या पुड्या नाहीत. मलेशियात अमली पदार्थांसाठी फाशीपर्यंत शिक्षा आहे. तिथं विमानातच त्याची सूचना ऐकवतात.

पत्र तिसरं

*मी माळकरी आहे. तिथं दोन वर्षांच्या कामाची संधी आलीय. पण सगळे म्हणतात, त्या देशात मासळीशिवाय काही नाही. एकादशीचं काय करायचं? माळ काढून ठेवायची मला इच्छा नाही.*
— एक वाचक, येळ्ळूर

माऊली, माळ काढू नका, काही गरज नाही. पण डोळे उघडे ठेवून जेवा.

तिथं शाकाहाराला ‘सायूर’ म्हणून चालत नाही. सायूर म्हणजे भाजी, आणि भाजीत ‘ब्लाचान’ असू शकतं. ती वाळवलेल्या जवळ्याची आंबवून केलेली वडी. आपली नाळीची भाजी तिथं ‘कांगकुंग’ म्हणून फार खातात, बघायला अगदी सात्त्विक, आणि फोडणीत ब्लाचान. वासानं ओळखाल. त्याशिवाय टपरीवर रोटी चनाई मिळते, मैद्याची पदर सुटलेली, डाळीबरोबर. आपल्याला वाटतं काय ते डाळ-रोटी! पण वाढणारा सवयीनं डाळीवर माशाचा किंवा कोंबडीचा रस्सा ओततो, चवीसाठी. तेव्हा आधीच म्हणायचं, ‘दाल सहाजा’. सहाजा म्हणजे फक्त, नुसतं. आपल्याच ‘सहज’मधून तिकडं गेलेला शब्द. तरी डाळीचं पातेलं वेगळं आहे ना ते बघून घ्या.

तुमची खरी सोय चिनी लोकांकडं आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. दुकानाच्या पाटीवर स्वस्तिक दिसलं, आपल्याच्या उलट दिशेचं, की आत शिरा. ती बौद्ध शाकाहारी खानावळ. तिथं मांस-मासे नाहीतच, बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नाही. अमावास्या आणि पौर्णिमेला गर्दी, कारण त्या दिवशी बरेच चिनी लोक मांस सोडतात.

पहिल्या दिवशी मात्र दचकू नका. आमचे हे अशाच खानावळीत गेले आणि ताटात आख्खी बदकाची तंगडी, कातडीच्या सुरकुत्यांसकट! उठलेच ते. मालकीणबाई मागं धावत रस्त्यापर्यंत आल्या, हातात तो तुकडा, आणि मधोमध मोडून दाखवला. आत सगळं सोयाबीन. पिठाचं बदक करायचं आणि त्यावर सुरकुत्या काढायच्या, एवढी मेहनत करण्यापेक्षा सरळ भाजी का करत नाहीत, हे मला नऊ वर्षांत कळलं नाही. ह्यांनी शेवटपर्यंत भात-टोफूच खाल्ला.

नवरात्र तिथं बघाच. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्यात त्यांचे नऊ सम्राट देवांचे नऊ दिवस असतात. त्यांचाही महिना अमावास्येपासून मोजतात, म्हणून बहुतेक वर्षी ते आणि आपलं नवरात्र एकाच वेळी येतात. अधिक महिना दोघांचा वेगवेगळा पडला की चुकामूक होते. त्या नऊ दिवसांत रस्तोरस्ती पिवळे झेंडे लावलेल्या टपऱ्या, सगळं शाकाहारी, माणसं पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी. मला तर घटस्थापनेला कुणीतरी आपणहून गाव सजवल्यासारखं वाटायचं.

एकादशीला साबुदाणा लिटिल इंडियात मिळतो. आणि गंमत अशी की मूळचा साबुदाणा तिकडचाच, सागू नावाच्या ताडाच्या खोडातल्या गाभ्याचा. आपण इथं टॅपिओकाच्या कंदाचा खातो. वरीचे तांदूळ मात्र इथूनच न्या.

पत्र चौथं

*वीस वर्षांचा आहे, आयटीआय केलंय. एजंट म्हणतो, मलेशियाला आता व्हिसा लागत नाही, एक लाख ऐंशी हजार दे, तिथं गेल्यावर परमिट करून देतो. घरचे जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. जाऊ का?*
— बेळगाव तालुका

नको.

डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, हे खरं. पण ते फिरायला. त्याच्यावर कामाला लागलास तर तू बेकायदा. पकडला गेलास तर तुरुंग आणि परत रवानगी, एजंटाचा फोन बंद. आमच्या इमारतीसमोर बांधकामावर अशी दोन पोरं होती, पासपोर्ट मुकादमानं काढून घेतलेले. दिवाळीला फराळ नेऊन दिला तर एक जण चकली हातात धरून नुसता बसला. कुठल्या गावचा ते सांगितलं नाही त्यानं, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

खरी नोकरी असली की कंपनी आधी परवाना काढते आणि मग तू विमानात बसतोस, हा क्रम पक्का लक्षात ठेव. परदेशी नोकरीचा एजंट भारत सरकारकडं नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव शोध. त्याला कायद्यानं जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. एक लाख ऐंशी हजार म्हटल्यावर तुला हिशेब कळला असेल. दहावी नापास मित्र बरोबर असतील तर त्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. मलेशियासाठी त्यांना सरकारी मंजुरी घ्यावीच लागते.

आणि नीट नोकरी मिळालीच, तर आपल्या भागातली एक खास भानगड आधीच निस्तरून ठेव. नणंदेच्या मुलाच्या पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’, नवीन काढलेल्या जन्मदाखल्यावर ‘बेळगावी’, आणि फोनवर तो सांगतो ‘बेळगाव’. तिथल्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, तुमचा जन्म नक्की किती गावांत झाला? १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, त्याआधीचे कागद जुन्या नावानं. त्या बदलाचा सरकारी आदेश आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये ठेव. कन्नड दाखल्यांचं इंग्लिश भाषांतरही इथूनच करून ने. नोकरी वर्षाच्या शेवटी सुरू होणार असेल तर कराचं विचारून घे. वर्षात १८२ दिवस तिथं राहिला नाहीस तर परका म्हणून सरसकट ३० टक्के कापतात, आणि पहिला पगार हातात आल्यावर पोरं दचकतात.

एका ओळीचं पत्र

*ड्युरियन खावं का?*
— ‘उत्सुक’, हिंदवाडी

खावं, रस्त्यावर, उभ्यानं, मे ते जुलैत. घरी आणू नये. फणसासारखं दिसतं म्हणून फणसाचा नातेवाईक समजू नका, काही संबंध नाही. वासाचं मी लिहीत नाही, हे मासिक घराघरात जातं.

पत्र पाचवं

*काकू, माझं वय ७६. मुलगा सहा वर्षं पिनांगला आहे. नातू आठ वर्षांचा. फोनवर ‘हॅलो आजोबा’ एवढं म्हणतो आणि पुढं इंग्लिश. १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं तेव्हा मी शाळेत होतो. मराठीसाठी मोर्चे काढले, मार खाल्ला. माझ्याच घरातून मराठी अशी जाईल असं वाटलं नव्हतं. सुनेला बोललो तर ती रुसली.*
— एक आजोबा, शहापूर

आजोबा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

सुनेला बोलू नका. ती बिचारी सकाळपासून त्या हवेत, त्या चार भाषांत मुलाला वाढवते. आमच्या मुलीनंही नवव्या वर्षी मराठी बोलणं सोडलं होतं. मी रागावले, शुद्धलेखन घातलं, गोष्टींची पुस्तकं मागवली. ती पुस्तकं बुरशीनं खाल्ली. मुलगी म्हणायची, मराठी म्हणजे आई ओरडते ती भाषा.

ती परत फिरली ते माझ्या सासऱ्यांमुळं, तुमच्यासारख्याच हट्टी माणसामुळं. त्यांना फोनवर काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून एकदा म्हणाले, ‘तुझ्या शाळेतला एखादा शब्द शिकव मला.’ ती म्हणाली, ‘काकी.’ सासरे म्हणाले, ‘हां, काकी, तुझी काकी इथं भाकरी थापायलीय की.’ पोरगी हसून हसून लोळली. मलयमध्ये ‘काकी’ म्हणजे पाय!

मग रोज खेळ सुरू झाला. तिनं एक शब्द सांगायचा आणि सासऱ्यांनी तिच्याबरोबर त्याचा मराठी भाऊ शोधायचा. ‘काचा’ म्हणजे काच. ‘कापास’ म्हणजे कापूस. ‘कपाला’ म्हणजे डोकं, आपलं कपाळ. ‘पुआसा’ म्हणजे उपवास. ‘सुआमी’ म्हणजे नवरा. त्यावर सासूबाई मागून म्हणाल्या, ‘स्वामी म्हणे, ताट तरी उचलतात काय?’ विजेच्या खांबावर ‘बाहाया’ लिहिलेलं असतं, म्हणजे धोका, आपलं भय. आणि ‘दोसा’ म्हणजे पाप! खायच्या डोशाला तिथं ‘तोसै’ म्हणतात म्हणून बरं, नाहीतर आम्ही रोज सकाळी पाप करत होतो. सासऱ्यांनी शंभरपानी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. एका बाजूला मलय, एका बाजूला मराठी, आणि तिसऱ्या रकान्यात कन्नड, कारण म्हणाले, आपल्याला तेही येतं, का सोडायचं?

भाऊ शोधायचा तर तिला मराठी शब्द आठवावा लागायचा. नाही आठवला की ती मला स्वयंपाकघरात येऊन विचारायची. मी शिकवत नव्हते, ती विचारत होती.

मार खाल्लेल्या माणसानं नातवाकडून परकी भाषा शिकायची हे तुम्हाला जड जाईल, मला कळतं. सासरेही पहिल्या दिवशी कुरकुरले होते. तुमच्या नातवाला अजून आठच वर्षं झालीत. त्याला आजोबांना काहीतरी येत नाही आणि आपल्याला येतं, ह्याचा फार आनंद होईल. तो घेऊ द्या त्याला.

तिथली वेळ आपल्या अडीच तास पुढं. तुम्ही रात्री जेवून फोन करता तेव्हा तो पेंगुळलेला असतो, ‘हॅलो’च्या पुढं काय बोलणार? दुपारी चहा झाला की साडेचारला लावा. तिथं सात वाजलेले असतात, पोरगं खेळून घामाघूम होऊन वर आलेलं असतं, सून भात लावत असते. एक वही आणि पेन जवळ ठेवा. आणि पहिला शब्द ‘काकी’ घ्या. जमलं की मला एक कार्ड टाका.